अपग्रेडनंतर तुटलेली पॅकेजं: एका एरर मेसेजमागचा तीस वर्षांचा इतिहास

हे आजच्या भागाचं लिखित रूप. लोकलच्या गर्दीत ज्यांना नीट ऐकू आलं नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांना मधली नावं, साल परत बघायचे आहेत त्यांच्यासाठीही.

सुरुवात माझ्याच एका फजितीने करतो.

इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. हॉस्टेलची खोली, शनिवारची रात्र, सोमवारी प्रोजेक्ट सबमिशन. माझा लॅपटॉप दुरुस्तीला गेला होता, म्हणून रूममेटचा मागून घेतलेला. त्यावर लिनक्स होतं आणि आम्हा दोघांचेही रिपोर्ट त्याच मशीनवर. रूममेट घरी गेलेला. स्क्रीनच्या कोपऱ्यात विचारणा आली, 'नवीन आवृत्ती उपलब्ध आहे, अपग्रेड करायचं का?' म्हटलं, करून टाकू, त्यालाही बरं वाटेल.

दीड तासाने अपग्रेड संपलं. मशीन नीट सुरू झालं. मग प्रोजेक्टला लागणारं एक पॅकेज टाकायला गेलो आणि एक वाक्य समोर आलं. मराठीत सांगायचं तर साधारण असं: 'अडचणी दूर करता येत नाहीत, तुम्ही तुटलेली पॅकेजं धरून ठेवली आहेत.' आता मी कुठे काय धरून ठेवलं होतं? नेटवर शोधलं, दोन-तीन कमांड कॉपी करून चिकटवल्या. त्यातल्या एकीने लांबलचक यादी दाखवली आणि विचारलं, पुढे जायचं का? मी न वाचता 'वाय' दाबलं. रीस्टार्ट केल्यावर काळी स्क्रीन आणि पांढऱ्या अक्षरात लॉगिन. डेस्कटॉप गायब, वायफाय गायब.

वरच्या मजल्यावरच्या एका सिनिअरला रात्री दोन वाजता उठवलं. तो डोळे चोळत आला, खुर्चीत बसला.

'काय टाइप केलंस?'

'आठवत नाही दादा.'

'बरं. मशीनला आठवत असेल.'

आणि त्याने एक फाइल उघडली. ती कोणती, ते शेवटी सांगतो. आधी आपण त्या वाक्याकडे जाऊ, कारण ते वाक्य असंच कुणीतरी बसून लिहिलेलं नाही. अपग्रेडनंतर लिनक्स जे जे एरर दाखवतं, त्यातल्या जवळपास प्रत्येकामागे आधी कुणीतरी पोळलेला माणूस आहे. त्या माणसांची गोष्ट कळली की एरर वाचता येतो, आणि वाचता आला की बहुतेक वेळा सुटतोही.

गच्चीवरची टाकी

आधी एक साधा प्रश्न. पॅकेज म्हणजे काय? एखादा प्रोग्राम, त्याच्या सेटिंग्जच्या फाइली आणि एक चिठ्ठी, असा गठ्ठा. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं: माझं नाव हे, माझी आवृत्ती ही, आणि मला चालायला अमुक-अमुक गोष्टी लागतात. या लागणाऱ्या गोष्टींना म्हणतात डिपेंडन्सी.

लागतात कशासाठी? आपल्या सोसायटीचं उदाहरण घ्या. प्रत्येक फ्लॅटने स्वतःची टाकी बांधली तर गच्चीवर जागा पुरणार नाही. म्हणून एक मोठी सामायिक टाकी, आणि सगळ्यांच्या पाइपलाइन तिला जोडलेल्या. लिनक्समध्ये या टाक्यांना शेअर्ड लायब्ररी म्हणतात. जागा वाचते, आणि पाण्यात काही बिघाड असला तर एकाच ठिकाणी दुरुस्त होतो. पण उद्या सोसायटीने टाकी बदलली आणि नव्या टाकीच्या पाइपचं माप वेगळं निघालं, तर? ज्यांनी पाइप बदलले त्यांना पाणी, बाकीच्यांच्या नळाला हवा.

लिनक्सचं अपग्रेड म्हणजे सगळी सोसायटी झोपलेली असताना टाकी, पाइप आणि नळ एकाच रात्रीत बदलायचं काम. ते इतक्या वेळा सुरळीत होतं, हेच खरं नवल आहे.

एक विद्यार्थी आणि एक वैताग

लिनस टॉरवल्ड्सने लिनक्सची घोषणा केली १९९१ च्या ऑगस्टमध्ये. तो तेव्हा हेलसिंकीत शिकत होता. पण लिनक्स म्हणजे नुसता कर्नल, म्हणजे इंजिन. सीट, चाकं, स्टिअरिंग ज्याचं त्याने जमवायचं. ते सगळं जमवून एकत्र देणाऱ्या संचाला डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. सुरुवातीच्या संचांपैकी एक होता १९९२ चा एसएलएस. लोकप्रिय होता, पण चुकांनी भरलेला. वापरणारे वैतागायचे.

त्या वैतागातून १९९३ मध्ये दोन गोष्टी जन्माला आल्या. जुलैमध्ये पॅट्रिक व्होल्कर्डिंगने एसएलएस दुरुस्त करून स्लॅकवेअर काढलं. ते आजही चालू आहे, आणि त्याची मूळ साधनं आजही डिपेंडन्सी तपासत नाहीत. काय लागतं ते तुमचं तुम्ही बघा! दुसरी गोष्ट ऑगस्टमधली. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातला इयन मर्डॉक नावाचा विद्यार्थी म्हणाला की एकट्याने सगळं सांभाळण्यापेक्षा अनेकांनी मिळून, प्रत्येकाने आपापलं पॅकेज सांभाळत एक संच बनवूया. त्याच्या तेव्हाच्या मैत्रिणीचं नाव डेब्रा. डेब्रा अधिक इयन, झालं डेबियन.

आता गंमत बघा. शंभर माणसं शंभर ठिकाणी बसून गठ्ठे बांधणार, तर ते एकमेकांत बसतील याची हमी कोण देणार? म्हणून नियम हवेत आणि नियम पाळून घेणारा मुकादम हवा. तो मुकादम म्हणजे डीपीकेजी. १९९४ मध्ये तो आधी छोट्या स्क्रिप्टच्या रूपात आला, मग इयन जॅक्सनने तो सी भाषेत नव्याने लिहिला.

या मुकादमाची एक सवय लक्षात ठेवा. तो काम दोन टप्प्यांत करतो. आधी गठ्ठा सोडून फाइली जागेवर ठेवतो, मग त्यांची जुळणी करतो, म्हणजे कॉन्फिगर करतो. आणि प्रत्येक पॅकेज कुठल्या टप्प्यावर आहे हे एका वहीत लिहून ठेवतो. त्यामुळे अपग्रेडच्या मधेच लाइट गेली, तर वहीत नोंद राहते: अमुक पॅकेज अर्धवट. दुसऱ्या दिवशी तुम्ही काहीही टाकायला गेलात की तो म्हणतो, 'आधी राहिलेलं काम पुरं करा.' लोकांना हा एरर वाटतो. खरं तर तो उपाय सांगत असतो. 'डीपीकेजी कॉन्फिगर ए' ही कमांड, तिच्यातल्या डॅशसकट, तो स्वतःच स्क्रीनवर लिहून देतो. ती चालवली की राहिलेली जुळणी पूर्ण होते.

'लॉक मिळत नाही' हा दुसरा नेहमीचा संदेशही याच वहीमुळे येतो. एका वहीत दोघांनी एकदम लिहिलं तर वही खराब होणार. म्हणून एक जण लिहीत असताना दुसऱ्याला थांबवतात. नेटवर सल्ला मिळतो, लॉकची फाइल उडवा. तसं करू नका. बहुतेक वेळा मागे आपोआप सुरक्षा अपडेट चालू असतात. चहा घेऊन या, तोवर लॉक सुटलेलं असतं.

चिठ्ठी आहे, वस्तू नाही

तिकडे रेड हॅट कंपनीत मार्क युइंग आणि एरिक ट्रोन यांनी आरपीएम बनवलं. १९९५ च्या सुमारास. तेही चिठ्ठी वाचायचं, काय कमी आहे ते सांगायचं. आणि तिथेच थांबायचं.

कल्पना करा. तुम्हाला एक गाण्यांचा प्लेअर टाकायचाय. आरपीएम म्हणतं, अमुक लायब्ररी लागेल. तुम्ही ती वेबसाइटवर शोधता, डायलअपवर तासभर डाउनलोड करता. मग ती लायब्ररी म्हणते, मला आणखी दोन लागतात. त्यातली एक म्हणते, मला जुनी आवृत्ती चालणार नाही. नवी टाकावी तर आधीचे चार प्रोग्राम बंद पडणार. याला जगभर नाव पडलं, 'डिपेंडन्सी हेल'. आपल्याकडे तेव्हा पुष्कळांच्या हाती लिनक्स यायचं ते पीसीक्वेस्ट मासिकाबरोबरच्या सीडीतून. सीडीत जे आहे ते आहे, बाकीच्यासाठी सायबर कॅफे. त्या पिढीतले लोक आजही टर्मिनलमधली प्रत्येक ओळ सावकाश वाचतात, ते उगाच नाही.

१९९८: टाकीच बदलली

आता त्या काळातल्या सगळ्यात मोठ्या अपग्रेडकडे. लिनक्सवरच्या जवळपास प्रत्येक प्रोग्रामला एक लायब्ररी लागते, सी लायब्ररी. म्हणजे सोसायटीची सगळ्यात मोठी टाकी. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पाचव्या क्रमांकाची जुनी सी लायब्ररी सोडून सहाव्या क्रमांकाच्या नवीवर जायचं ठरलं. दोघींचं पाइपाचं माप वेगळं.

डेबियनने हे बदललं ते २.० या आवृत्तीत, जुलै १९९८ मध्ये. तोवर डेबियनमध्ये दीड हजारांवर पॅकेजं आणि चारशेवर माणसं झाली होती. चालू मशीनवर हा बदल करताना क्रम फार महत्त्वाचा होता. कुठलं पॅकेज आधी, कुठलं नंतर, हे चुकलं तर ज्या प्रोग्रामने अपग्रेड करायचं तोच बंद पडायचा. म्हणून लोकांनी सविस्तर मार्गदर्शिका लिहिल्या, आणि तो क्रम पाळणारी 'ऑटोअप' नावाची स्क्रिप्टही केली.

एक मोठा धडा मिळाला: क्रम माणसाच्या लक्षात राहू शकत नाही, तो मशीननेच काढला पाहिजे. हे काम करणारं साधन तेव्हा तयार होतच होतं. ते ॲप्ट. मार्च १९९९ मध्ये डेबियन २.१ बरोबर ते सगळ्यांच्या हाती आलं. ॲप्ट डीपीकेजीच्या वरच्या मजल्यावर बसतं. चिठ्ठ्या वाचतं, काय कमी आहे ते सर्व्हरवरून स्वतः आणतं, क्रम ठरवतं, आणि मुकादमाला कामाला लावतं. आज तुम्ही एका ओळीत जे काही इन्स्टॉल करता, ते त्या उशिरा झोपणाऱ्या लोकांमुळे.

आरपीएमच्या जगात हे काम यमने केलं. नावावर जाऊ नका! यलोडॉग या जुन्या डिस्ट्रिब्यूशनच्या अपडेटरवरून ते नाव आलं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातली मशीन सांभाळताना सेठ विडाल आणि मायकल स्टेनर यांनी ते लिहिलं. पुढे फेडोराने ते घेतलं आणि कोट्यवधी अपडेट त्यातून झाले.

कोडं नक्की किती अवघड?

आता तुम्ही म्हणाल, क्रम मशीन काढतं तर मग अजूनही पॅकेजं अडकतात का?

कारण कोडं खरोखरच अवघड आहे. अ ला ब हवं. ब ला क ची जुनी आवृत्ती चालते. ड ला क ची नवी हवी. आणि क च्या दोन आवृत्त्या एकत्र राहू शकत नाहीत. अशी हजारो पॅकेजं. २००६ मध्ये युरोपातल्या एडॉस नावाच्या संशोधन प्रकल्पातल्या लोकांनी गणिताने दाखवून दिलं की 'हे पॅकेज या संचात बसेल का' हा प्रश्न संगणकशास्त्रातल्या अवघड म्हणून गाजलेल्या कोड्यांच्या वर्गात येतो. मोठ्या सुडोकूसारखंच. उत्तर मिळालं तर तपासायला सोपं, पण प्रत्येक वेळी झटपट उत्तर काढून देणारी पद्धत कुणालाच ठाऊक नाही.

त्यानंतर अवघड तर्ककोडी सोडवणारी गणिती तंत्रं थेट पॅकेज मॅनेजरमध्ये आली. २००८ मध्ये ओपनसुसे ११.० ने ती वापरली, आणि तिथलीच लायब्ररी घेऊन डीएनएफ आलं. २०१५ मध्ये फेडोरा २२ मध्ये डीएनएफने यमची जागा घेतली.

म्हणजे एक लक्षात घ्या. पॅकेज मॅनेजर जेव्हा म्हणतो 'मला जमत नाही', तेव्हा तो आळस करत नसतो. त्याने कोडं सोडवून पाहिलेलं असतं आणि दिलेल्या तुकड्यांतून चित्र पूर्ण होत नसतं. अशा वेळी जबरदस्ती करून उपयोग नाही. कुठला तुकडा बाहेरचा आहे ते शोधायचं.

बाहेरचे तुकडे

बाहेरचा तुकडा येतो कुठून?

२००४ मध्ये उबंटू आलं, डेबियनवर उभारलेलं, दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती. नवशिक्यांना आवडलं. पण लोकांना काही प्रोग्रामच्या त्याहूनही ताज्या आवृत्त्या हव्या असतात. म्हणून २००७ मध्ये पीपीएची सोय झाली. कुणीही आपली पॅकेजं ठेवावीत, तुम्ही एका ओळीत ती जोडून घ्यावीत. सोय उत्तम, पण मुकादमाच्या नियमाबाहेरचे कंत्राटदार सोसायटीत शिरले.

अपग्रेडच्या वेळी उबंटू ही बाहेरची दुकानं आपोआप बंद करतं. शहाणपणाचंच आहे. पण दुकान बंद झालं तरी तिथून आणलेला माल घरातच राहतो ना! तो माल अनेकदा नव्या अधिकृत मालापेक्षाही वरच्या क्रमांकाचा असतो. ॲप्ट स्वतःहून आवृत्ती कमी करत नाही, त्यामुळे तो तिथेच अडून बसतो, आणि बाकीचे त्याच्यामुळे अडतात. मग ॲप्ट म्हणतं, 'तुटलेली पॅकेजं धरून ठेवली आहेत.'

कळलं ना आता, माझ्या त्या रात्रीचं वाक्य कुठून आलं? रूममेटने कधीतरी ग्राफिक्सच्या ताज्या ड्रायव्हरसाठी एक बाहेरचं दुकान जोडलेलं होतं. मी काही धरलं नव्हतं, पण मशीनने धरलेलं होतं.

अपग्रेडनंतरचे आणखी दोन संदेश असेच बोलके आहेत. एक, 'सार्वजनिक किल्ली उपलब्ध नाही.' नोव्हेंबर २००३ मध्ये डेबियनच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली होती. सर्व्हरवरून आलेलं पॅकेज खरंच डेबियनचं आहे हे कशावरून, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांना बोचला. २००७ च्या डेबियन ४.० पासून ॲप्ट मालावरची डिजिटल सही तपासू लागलं. म्हणून किल्ली नाही म्हटल्यावर तपासणी बंद करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्या दुकानाची नवी किल्ली अधिकृत जागेवरून घ्या, नाहीतर ते दुकानच यादीतून काढा.

दुसरा, 'फाइल सापडली नाही, ४०४.' उबंटूच्या मधल्या आवृत्त्यांना नऊच महिने आधार मिळतो. मुदत संपली की त्यांची पॅकेजं जुन्या आवृत्त्यांच्या वेगळ्या सर्व्हरवर हलवतात. मशीन बिघडलेलं नसतं, पत्ता बदललेला असतो.

'येस, डू ॲज आय से!'

न वाचता 'वाय' दाबणारा मी एकटा नव्हे, हे कळलं २०२१ मध्ये. यूट्यूबवरचा लायनस सेबॅस्टियन, लायनस टेक टिप्सवाला, लिनक्सवर गेम खेळून बघायचं आव्हान घेऊन बसला. पॉप ओएसवर स्टीम टाकायला गेला. नेमकी तेव्हा त्या रेपॉझिटरीतल्या पॅकेजांची जुळणी चुकलेली होती. कोडं सोडवताना ॲप्टला एकच वाट दिसली: स्टीम टाकायचं तर सगळा डेस्कटॉप काढावा लागेल.

ॲप्टने इशारा दिला की तुम्ही अत्यावश्यक पॅकेजं काढत आहात, आणि खात्री असेल तर 'येस, डू ॲज आय से!' हे अख्खं वाक्य टाइप करा. त्याने केलं. डेस्कटॉप गेला. लाखो लोकांनी ते पाहिलं आणि भांडण जुंपलं. काही म्हणाले, इशारा वाचायला नको का? काही म्हणाले, गेम टाकायला आलेल्या माणसाला डेस्कटॉप उडवायचं बटण दाखवताच कशाला?

मला दोन्ही बाजू पटतात. पण महत्त्वाचं पुढे झालं. ॲप्टच्या लेखकांनी नंतरच्या आवृत्त्यांत ते वाक्य टाइप करण्याची सोयच काढून टाकली. आता असं पॅकेज काढायचंच असेल तर तसा पर्याय आधीच मुद्दाम द्यावा लागतो. म्हणजे एका माणसाची जाहीर फजिती, आणि पुढच्या सगळ्यांसाठी एक कुंपण. तीस वर्षं हे असंच चाललंय.

तुमच्या खिशातलं लिनक्स

आता तुम्ही म्हणाल, आम्ही तर मोबाइलवाले. आमचा काय संबंध?

अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स कर्नलच आहे. पण तिथे असा घोळ सहसा होत नाही, कारण तिथे सोसायटीची रचनाच वेगळी केली. प्रत्येक ॲप आपली बरीचशी लायब्ररी स्वतःबरोबर घेऊन येतं, म्हणजे फ्लॅटमागे वेगळी टाकी. म्हणून ॲप मोठी होतात आणि स्टोरेज भरतं! आणि सिस्टिमसाठी २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून दोन कप्प्यांची सोय आली. तुम्ही एका कप्प्यावर फोन वापरत असता, अपडेट गुपचूप दुसऱ्यात बसतं, आणि रीस्टार्टला फोन तिकडे जातो. नवा कप्पा सुरूच झाला नाही, तर जुना तसाच असतो.

पण तुमच्यातले जे फोनवर टर्मक्स वापरून कोडिंग शिकतात, त्यांना हा इतिहास थेट भेटलेला आहे. टर्मक्सच्या आत ॲप्ट आणि डीपीकेजीच आहेत. त्याची पॅकेजं पूर्वी बिनट्रे नावाच्या सेवेवर ठेवलेली होती. १ मे २०२१ ला ती सेवा बंद झाली. ज्यांचं टर्मक्स जुनं होतं, विशेषतः प्ले स्टोअरवरून घेतलेलं, त्यांना इन्स्टॉल करताना 'रेपॉझिटरी बंद आहे, पत्ता चुकीचा आहे का?' अशा अर्थाचा संदेश येऊ लागला. कित्येकांना वाटलं, फोन खराब झाला. उपाय होता टर्मक्स नव्या ठिकाणाहून घेणं आणि रेपॉझिटरीचा पत्ता बदलणं. त्यासाठी 'टर्मक्स चेंज रेपो' ही छोटी कमांडही आहे. तीच ४०४ ची गोष्ट, फक्त सहा इंची स्क्रीनवर.

टाकी पुन्हा बदलली

आणि १९९८ ची गोष्ट जुनी झाली असं समजू नका. जुन्या ३२ बिट पद्धतीत वेळ मोजायचा आकडा १९ जानेवारी २०३८ ला संपतो. त्याची सोय आत्ताच करायला हवी म्हणून २०२४ मध्ये डेबियन आणि उबंटूने शेकडो लायब्ररी नव्याने बांधल्या, आणि वेगळेपण कळावं म्हणून त्यांच्या नावापुढे 'टी ६४' जोडलं. तुमच्या ६४ बिट लॅपटॉपला हा धोका नव्हता, पण नावं सगळीकडेच बदलली. त्यामुळे उबंटू २४.०४ वर गेल्यावर कित्येकांना आवाजाची जुनी ओळखीची लायब्ररी, 'लिब ए साउंड २', इन्स्टॉलच होईना. ती कुठेही गेली नव्हती, शेवटी 'टी ६४' लावून समोरच उभी होती. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ६९ हजारांहून जास्त पॅकेजं आहेत. १९९६ च्या पहिल्या नामधारी आवृत्तीत ती ४७४ होती. सोसायटीचं शहर झालंय, टाक्या मात्र अजून सामायिकच आहेत.

मग अडकल्यावर करायचं काय?

इतिहासातून निघालेला क्रमच सांगतो.

सगळ्यात आधी थांबा आणि पहिला एरर वाचा. शेवटचा नाही, पहिला. खालचे बहुतेक त्याचेच पडसाद असतात.

दुसरं, डिस्कवर जागा आहे का बघा. विशेषतः बूटचा भाग जुन्या कर्नलांनी भरला की नव्या कर्नलची जुळणी अर्धवट राहते, आणि दोष पॅकेज मॅनेजरवर जातो.

तिसरं, अर्धवट काम पूर्ण करा. डीपीकेजीला कॉन्फिगर करायला सांगा, मग ॲप्टला 'फिक्स ब्रोकन'च्या पर्यायाने राहिलेलं जुळवायला सांगा.

चौथं, बाहेरची दुकानं तपासा. 'ॲप्ट पॉलिसी' पुढे पॅकेजचं नाव दिलंत की ते कुठून आलं आणि कुठकुठल्या आवृत्त्या मिळतात ते दिसतं. अडून बसलेला माल बाहेरचा असेल तर त्या जागी अधिकृत आवृत्ती बसवा.

पाचवं, कुठलीही कमांड काढून टाकायची यादी दाखवत असेल तर ती यादी वाचा. त्यात डेस्कटॉप, नेटवर्क किंवा पायथनचं नाव दिसलं तर 'एन' दाबा. पायथन का? कारण सिस्टिमची कित्येक साधनं त्याच पायथनवर चालतात. यम तर पूर्ण पायथनमध्येच लिहिलेलं होतं. मुख्य पायथन बदलून स्वतःचा पॅकेज मॅनेजर बंद पाडून घेतलेले लोक थोडेथोडके नाहीत.

आणि अपग्रेडच्या आधी बॅकअप. हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलंय. एकशे एकाव्यांदा ऐका.

त्या रात्री पुढे

तर दादाने उघडलेली ती फाइल. ॲप्ट आपल्या प्रत्येक कामाची नोंद लॉगच्या फोल्डरमध्ये ठेवतं, आणि त्या फाइलचं नावच आहे 'हिस्टरी'. किती वाजता, कुठली कमांड, काय टाकलं, काय काढलं, सगळं. माझी 'वाय' दाबलेली वेळसुद्धा तिथे होती. त्याखाली काढून टाकलेल्या पॅकेजांची यादी.

त्याने माझा फोन यूएसबीने जोडला, इंटरनेट चालू केलं. ग्राफिक्सची बाहेरची पॅकेजं काढून अधिकृत आवृत्त्या बसवल्या. मग हिस्टरीतली यादी परत टाकायला सांगितली. या वेळी ॲप्ट अडलं नाही. पहाटे चारच्या सुमारास डेस्कटॉप आला. आमचे रिपोर्ट जिथल्या तिथे होते, पॅकेज मॅनेजर घरातल्या फाइलींना हात लावत नाही. मला ते माहीत नव्हतं, म्हणून दोन तास पोटात गोळा होता.

रविवारी रूममेट आला. मी त्याला सगळं सांगितलं. तो आधी चिडला, मग म्हणाला, 'अरे, ते ड्रायव्हरचं मी तुला सांगायला हवं होतं.' मला वाटतं, ही चूक जुनीच आहे. चिठ्ठीवर लिहायचं राहून गेलं की पुढचा अडकतो. डीपीकेजी, ॲप्ट, यम लिहिणाऱ्यांनी आयुष्याची वर्षं घालवली ती ही चिठ्ठी कुणी विसरू नये म्हणून. त्यातला सेठ विडाल २०१३ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेला. इयन मर्डॉक २०१५ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. आपण अपडेटची कमांड देतो तेव्हा त्यांचं काम अजून चालू असतं.

तर मंडळी, तुमच्या मशीनवर असा एखादा एरर येऊन बसला असेल तर आज रात्री काही चिकटवण्याआधी एकदा ती हिस्टरी फाइल उघडून बघा. काय सापडलं ते मला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटूच. तोवर काळजी घ्या, आणि यादी वाचल्याशिवाय 'वाय' दाबू नका!